टाइट एंड म्हणा आणि पगार कापा

2014च्या उन्हाळ्यात अमेरिकेत एक वेगळाच तंटा गाजला. जिमी ग्रॅहम नावाचा फुटबॉलपटू मैदानावर नेमका कुठे उभा राहतो, हे ठरवण्यासाठी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक स्टीफन बरबँक लवाद म्हणून बसले होते. एका बाजूला न्यू ऑर्लिन्स सेंट्स हा संघ आणि दुसऱ्या बाजूला खेळाडूंची युनियन. संघाचं म्हणणं, ग्रॅहम ‘टाइट एंड’ आहे. ग्रॅहमचं म्हणणं, मी निम्म्याहून जास्त वेळा ‘वाइड रिसिव्हर’च्या जागेवर खेळतो, तेव्हा मला त्याच हिशेबाने पैसे द्या. वाद शब्दाचा वाटतो, पण त्या शब्दाची किंमत एका वर्षाला 50 लाख डॉलरहून जास्त होती.

मी या खेळाचा जाणकार नाही, पण मजुरीचे हिशेब मला समजतात. हे प्रकरण जितकं वाचत गेलो, तितकं पक्कं झालं की जगातल्या सर्वांत श्रीमंत खेळात ‘टाइट एंड’ ही जागा नसून पगार दाबून ठेवायची एक युक्ती आहे. हा लेख त्या युक्तीविरुद्ध आहे.

आधी हे काम काय असतं ते सांगतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये एका संघाचे 11 खेळाडू मैदानात असतात. चेंडू खेळात येतो तेव्हा आक्रमण करणाऱ्या संघाच्या किमान सात जणांनी रेषेवर उभं राहायचं असतं. त्या रांगेच्या दोन टोकांना उभे असलेले दोघेच पुढे फेकलेला चेंडू झेलू शकतात. मधल्या पाच जणांनी फक्त समोरच्याला अडवायचं. जो टोकाचा खेळाडू रांगेपासून लांब, मोकळ्यावर उभा राहतो, त्याला सुरुवातीला ‘स्प्लिट एंड’ म्हणत. तो आजच्या वाइड रिसिव्हरचा पूर्वज. जो रांगेला अगदी चिकटून उभा राहतो, तो ‘टाइट एंड’. म्हणजे त्याला झेलही घ्यायचा असतो आणि धक्काही खायचा असतो. एका खेळीत त्याच्या समोर सव्वाशे किलोचा बचावपटू उभा असतो, त्याला त्याने अंगावर घ्यायचं. पुढच्या खेळीत त्याच जागेवरून सुटून 20 यार्ड पळायचं, मागे न बघता वळायचं आणि दोन माणसांच्या मध्ये उडी मारून चेंडू धरायचा. त्यासाठी अंगाने तो रांगेतल्या पहिलवानासारखा हवा आणि पायाने धावपटूसारखा. असा माणूस साधारण सव्वासहा फूट उंच आणि 110-115 किलो वजनाचा असतो. तो उभा आहे तेवढ्यावरून समोरच्या संघाला कळता कामा नये की तो आता अडवणार आहे की पळणार आहे. त्याची सगळी किंमत याच संभ्रमात आहे.

ही किंमत पहिल्यांदा शिकागो बेअर्सच्या माइक डिटकाने दाखवली. 1961 साली, पदार्पणाच्याच हंगामात, त्याने 56 झेल घेतले, 1,076 यार्ड मिळवले आणि 12 टचडाउन केले. तोवर टाइट एंड म्हणजे अडवणारा गडी, जमलं तर झेल घेईल, असा समज होता. डिटकानंतर बाल्टिमोर कोल्ट्सचा जॉन मॅकी आला. 1966 साली त्याने नऊ टचडाउन केले, त्यांतले सहा 50 यार्डांहून लांबचे होते. मॅकीकडे मी नंतर येतो, कारण या लेखाचा खरा नायक तोच आहे.

आता पगाराचा कायदा. या लीगमध्ये ‘फ्रँचाइझ टॅग’ नावाची तरतूद आहे. खेळाडूचा करार संपला आणि तो दुसरीकडे जायला मोकळा झाला, की संघ त्याच्यावर हा टॅग लावू शकतो. टॅग लागला की तो एक वर्ष बांधला गेला. त्याचा मोबदला ठरतो त्याच्या जागेवरून : त्या जागेवरच्या सर्वांत महाग पाच खेळाडूंच्या आकड्यांवरून सरासरी काढायची आणि ती द्यायची. वरवर पाहता न्याय्य वाटतं. पण ‘जागा’ कोणती हे कोण ठरवणार? 2014 मध्ये वाइड रिसिव्हरचा टॅग सुमारे 1 कोटी 23 लाख डॉलरचा होता. रांगेतल्या अडवणाऱ्यांचा सुमारे 1 कोटी 16 लाखांचा. आणि टाइट एंडचा फक्त 70 लाखांच्या आसपास.

हे आकडे नीट बघा. झेल घेणाऱ्याला 1 कोटी 23 लाख, अडवणाऱ्याला 1 कोटी 16 लाख, आणि जो ही दोन्ही कामं करतो त्याला 70 लाख! दोन कामं करणाऱ्याला दोघांच्या मधला पगार मिळाला असता तरी समजू शकलो असतो. इथे तर तो दोघांच्याही खाली आहे. गवंड्याची मजुरी अमुक, सुताराची तमुक, आणि ज्याला दोन्ही येतं त्याला हमालाचा भाव. एखादा ठेकेदार असं म्हणाला तर साइटवर दगड पडतील. इथे मात्र ते कराराच्या कलमात लिहिलेलं आहे.

ग्रॅहमच्या आदल्या हंगामाचा हिशेब बघा. 2013 मध्ये त्याने 86 झेल घेतले, 1,215 यार्ड मिळवले आणि 16 टचडाउन झेलले. त्या वर्षी झेल घेऊन इतके टचडाउन पूर्ण लीगमध्ये कुणीच केले नव्हते, एकाही वाइड रिसिव्हरने नाही. युनियनने खेळींची मोजदाद करून दाखवलं की सुमारे 67 टक्के वेळा तो रांगेला चिकटून नव्हता, तर ‘स्लॉट’मध्ये किंवा पार बाजूला, म्हणजे रिसिव्हर उभे राहतात तिथे होता. करारातलं कलमही स्पष्ट आहे : ज्या जागेवर खेळाडू सर्वांत जास्त खेळींत खेळला, ती त्याची जागा.

बरबँक यांनी 2 जुलैला निकाल दिला. स्लॉट असला तरी रांगेपासून चार यार्डांच्या आत उभा राहिलास, तर तू टाइट एंडच, असं त्यांनी ठरवलं. विरोधी संघ त्याला कसा अडवतो हे पाहिलं. त्याची निवड टाइट एंड म्हणून झाली होती, हे नोंदवलं. एवढंच नाही, त्याने ट्विटरवर स्वतःची ओळख टाइट एंड अशी लिहिली होती, तीही त्याच्याविरुद्ध वापरली गेली. या शेवटच्या मुद्द्यावर मी बराच वेळ थांबलो. माणूस आपल्या कामाचं नाव अभिमानाने लावतो आणि तोच अभिमान पगार कापायला पुरावा ठरतो. ‘तूच म्हणाला होतास ना?’

कायद्याच्या चौकटीत निकाल बसत असेलही. बरबँक यांच्या प्रामाणिकपणावर माझा आक्षेप नाही. आक्षेप चौकटीवर आहे. काय काम केलं हा प्रश्न बाजूला ठेवून कुठल्या खान्यात उभा होतास, एवढंच ती चौकट विचारते. चार यार्ड म्हणजे साधारण पावणेचार मीटर. एका खोलीच्या लांबीएवढ्या अंतरावर 50 लाख डॉलर टांगलेले होते.

निकालानंतर ग्रॅहमने चार वर्षांचा 4 कोटी डॉलरचा करार केला, वर्षाला सरासरी 1 कोटी. तो तेव्हा सर्वांत महाग टाइट एंड झाला आणि वर्तमानपत्रांनी लिहिलं की सगळं गोड झालं. आठ-नऊ महिन्यांनी, मार्च 2015 मध्ये, संघाने त्याला सिअॅटलला देऊन टाकलं. तिथे त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याच्या गुडघ्याचा स्नायुबंध फाटला. टॅगवर एका वर्षासाठी खेळणाऱ्याला ज्या गोष्टीची भीती असते, ती हीच.

आता ‘बाजार ठरवतो’ म्हणणाऱ्यांकडे वळतो. अमेरिकेत शिकायला गेलेला माझा भाचा त्यांतलाच. तो फोनवर म्हणाला, “मामू, वाइड रिसिव्हर जास्त चेंडू झेलतात, म्हणून त्यांना जास्त मिळतं. साधा बाजार आहे. आणि हे सगळे करोडपती आहेत, तुम्ही कशाला जीव जाळता?”

दुसऱ्या प्रश्नाला नंतर उत्तर देतो. पहिल्याबद्दल एवढंच म्हणतो की हा बाजार मोकळा नाही. टॅगचा आकडा आधीच्या पगारांवरून निघतो. टाइट एंडचे पगार कमी, म्हणून त्याचा टॅग कमी. टॅग कमी, म्हणून करार करायला बसलेल्या टाइट एंडला संघ सांगतो, ‘एवढ्यात सही कर, नाहीतर टॅग लावतो.’ तो सही करतो. त्याचा तो कमी आकडा पुढच्या वर्षीच्या सरासरीत जातो. पाणी त्याच विहिरीत ओतायचं, त्याच विहिरीतून काढायचं आणि वर म्हणायचं, पातळी वाढतच नाही, आम्ही काय करणार!

हे नुसतं तर्काने बोलत नाही. ग्रॅहमचा सरासरी 1 कोटीचा करार 2014 चा. सहा वर्षांनी, 2020 च्या वसंतात, सर्वांत मोठा टाइट एंड करार ऑस्टिन हूपरचा झाला : चार वर्षांचे 4 कोटी 20 लाख, सरासरी 1 कोटी 5 लाख. सहा वर्षांत पाच लाखांची वाढ. याच सहा वर्षांत प्रत्येक संघाची पगारावर खर्च करायची कमाल मर्यादा 13 कोटी 30 लाखांवरून 19 कोटी 82 लाखांवर गेली, म्हणजे जवळपास दीडपट. वाइड रिसिव्हरचा वरचा आकडा 1 कोटी 60 लाखांच्या थोडा वर होता, तो 2019 मध्ये हुलिओ जोन्सच्या करारात 2 कोटी 20 लाख झाला. सगळ्यांच्या पतंगाला वारा लागला, यांचा मात्र खांबाला अडकलेला.

पुढे 2020 च्या ऑगस्टमध्ये जॉर्ज किटलने हा खांब थोडा हलवला. त्याच्या एजंटाने उघडपणे सांगितलं की टाइट एंडचा बाजारभाव मला दाखवू नका, माझा माणूस काय करतो ते बघा. वर्षाला दीड कोटी मिळाले. 2025 मध्ये त्याच किटलचा नवा करार सरासरी 1 कोटी 91 लाखांचा झाला. चांगलं झालं. पण त्याच वसंतात वाइड रिसिव्हर जमार चेसला सरासरी 4 कोटी 2 लाखांहून जास्त मिळाले. म्हणजे 2014 मध्ये रिसिव्हरला 16 मिळत तेव्हा टाइट एंडला 10 मिळत. आता रिसिव्हरला 40, तर याला 19. आकडा वाढला आणि वाटा घटला. 2025 च्या टॅगमध्येही तेच चित्र आहे : वाइड रिसिव्हर 2 कोटी 40 लाखांच्या जवळ, रांगेतला अडवणारा 2 कोटी 34 लाख, टाइट एंड 1 कोटी 38 लाख.

ट्रॅव्हिस केल्सीचं नाव आता आपल्याकडच्या कॉलेजच्या पोरींनाही माहीत आहे, टेलर स्विफ्टमुळे. पण ती ओळख होण्याआधीचं 2022 साल बघा. कॅन्सस सिटीने टायरीक हिल हा वाइड रिसिव्हर मायामीला दिला. तिथे त्याला वर्षाला 3 कोटींच्या हिशेबाने करार मिळाला. हिल गेल्यावर कॅन्सस सिटीत झेलांचा भार कुणी उचलला? केल्सीने. 110 झेल, 1,338 यार्ड, 12 टचडाउन, आणि संघ अजिंक्य. केल्सी तेव्हा सव्वाचौदा कोटी... नाही, चुकून वाटेल असा आकडा, वर्षाला सरासरी 1 कोटी 43 लाखांवर खेळत होता. हिलच्या निम्म्याहून कमी. काम दुसऱ्याचंही केलं आणि पाटी मात्र ‘टाइट एंड’ची राहिली.

खरं तेही सांगायला हवं. सगळेच टाइट एंड केल्सी नसतात. बरेच जण हंगामात वीसेक झेल घेतात आणि बाकी वेळ अडवण्यात जातो. त्यांना चेसइतके पैसे द्या, असं मी म्हणत नाही. उलट माझा मुद्दा हाच आहे की एकाच नावाखाली इतकी वेगवेगळी कामं कोंबली आहेत, की त्या नावावरून पगार ठरवणं हाच अन्याय आहे. रांगेत दिवसभर धक्के खाणारा टाइट एंड जर अडवण्याचं काम करत असेल, तर त्याला अडवणाऱ्याच्या भावाने मोजा. तेही करत नाहीत.

मग पगाराऐवजी काय देतात? कौतुक. समालोचक म्हणतात, टाइट एंड हा ‘निःस्वार्थ’ खेळाडू, संघासाठी झिजणारा, आकडे न बघणारा. लीगने ऑक्टोबरातला एक रविवार त्यांच्या नावाने साजरा करायला सुरुवात केली आहे, ‘नॅशनल टाइट एंड्स डे’. टी-शर्ट निघतात, व्हिडिओ निघतात. हे कौतुक ऐकलं की मला आपल्या आशाताई आठवतात. कागदावर त्या ‘स्वयंसेविका’, म्हणून त्यांना वेतन नाही, कामागणिक मोबदला. सेवाभाव, त्याग, निःस्वार्थ हे शब्द कुणाच्या कामाला फार वेळा चिकटू लागले, तर त्याच्या पगाराची पावती मागून बघावी.

आता भाच्याचा दुसरा प्रश्न : करोडपतींसाठी कशाला रडता?

यासाठी जॉन मॅकीकडे जावं लागतं. मॅकी टाइट एंड होता, आणि 1970 मध्ये दोन लीगचं विलीनीकरण झाल्यावर खेळाडूंच्या युनियनचा पहिला अध्यक्षही झाला. त्या काळी करार संपला तरी खेळाडू मोकळा होत नसे. दुसऱ्या संघाने त्याला घेतलं, तर त्या संघाने जुन्या संघाला काय भरपाई द्यायची, कोणते खेळाडू द्यायचे, हे लीगचे कमिशनर पीट रोझेल ठरवत. भरपाई किती बसेल हे आधी माहीत नसल्याने कुणी धजावतच नसे. कागदावर मोकळीक आणि प्रत्यक्षात वेठ. मॅकी आणि इतर खेळाडू कोर्टात गेले. 1975 च्या अखेरीस मिनिआपोलिसच्या फेडरल न्यायाधीशांनी हा ‘रोझेल नियम’ मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग ठरवला आणि 1976 मध्ये अपील न्यायालयानेही तो बेकायदा ठरवला. खटल्याचं नावच ‘मॅकी विरुद्ध नॅशनल फुटबॉल लीग’.

त्यानंतरही खरी मोकळीक यायला 1993 उजाडलं, आणखी खटले लढावे लागले. आज हजारो खेळाडू करार संपल्यावर मनासारखा संघ निवडतात, त्या दाराला पहिला धक्का एका टाइट एंडने दिला होता. आणि फ्रँचाइझ टॅग कुठून आला? त्याच 1993 च्या समझोत्यात. मालकांनी दार उघडायला होकार दिला आणि आतून एक कडी लावून घेतली. ती कडी आज सर्वांत घट्ट बसते ती मॅकीच्याच जागेवर खेळणाऱ्यांना. याला योगायोग म्हणा हवं तर.

मॅकीचं पुढे काय झालं? हॉल ऑफ फेममध्ये त्याला 1992 मध्ये घेतलं, पात्रतेच्या अगदी शेवटच्या वर्षी. युनियनच्या कामाची ही शिक्षा होती, असं मानणारे खूप आहेत, आणि मी त्यांच्यात आहे. नंतर त्याला डिमेन्शिया झाला. त्याची काळजी घेण्याचा खर्च पेन्शनमध्ये भागेना. त्याची पत्नी सिल्व्हिया विम्यासाठी पन्नाशी उलटल्यावर हवाई सेविकेच्या नोकरीत परत गेली. अपंगत्वाचा लाभ मागितला तर उत्तर मिळालं, मेंदूच्या आजाराचा फुटबॉलशी थेट संबंध सिद्ध झालेला नाही. तिने कमिशनरला पत्र लिहिलं, आणि अखेर 2007 मध्ये ‘88 प्लॅन’ आला : डिमेन्शिया झालेल्या जुन्या खेळाडूच्या संस्थेतल्या देखभालीसाठी वर्षाला 88 हजार डॉलरपर्यंत. 88 हा मॅकीच्या जर्सीचा क्रमांक. 2011 मध्ये, 69व्या वर्षी तो गेला. मेंदूच्या तपासणीत डोक्यावरच्या वारंवार आघातांनी होणारा सीटीई हा आजार निघाला.

म्हणून करोडपती हा शब्द मला पुरत नाही. करोड मिळतात ते मोजक्यांना आणि मोजकी वर्षं. डोक्याला बसलेले धक्के सोबत राहतात आणि त्यांचा हिशेब घरातल्या बाईला करावा लागतो. टाइट एंडला तर दोन्हीकडून मार : रांगेत धडकांचा आणि मैदानाच्या मध्यावर हवेत असताना बसणाऱ्या टोल्यांचा. रॉब ग्रॉन्कोव्स्की पहिल्यांदा निवृत्त झाला तेव्हा 29 वर्षांचा होता. पाठ, हात, गुडघा, सगळ्याची चिरफाड झालेली. जास्त धोक्याच्या कामाला कमी दर, हे गिरणीत असो की स्टेडियममध्ये, मला सारखंच दिसतं. आणि हा पैसा खेळाडूकडे गेला नाही म्हणून गरिबाकडे जात नाही, तो मालकाकडे राहतो. लाहोरमध्ये जन्मलेले शाहिद खान जॅक्सनव्हिल संघाचे मालक झाले, तेव्हा आपल्यातल्या अनेकांनी अभिमानाने मेसेज फिरवले होते. अभिमान बाळगा, हरकत नाही. पण मालकाच्या खुर्चीत कोण बसलंय यावरून मी मजुराची बाजू सोडणार नाही.

मालक-खेळाडूंमधला सध्याचा करार 2020 मध्ये झाला आणि तो 2030 च्या हंगामापर्यंत चालणार आहे. हंगाम 16 वरून 17 सामन्यांचा त्याच करारामुळे झाला. आता लीगला 18वा सामना हवा आहे आणि त्यासाठी युनियनची संमती लागेल. युनियनच्या हातात मोल मागायची ही मोठी संधी आहे. त्या टेबलावर टॅगचं कलम ठेवावं : एखादा खेळाडू एक तृतीयांशाहून जास्त खेळींत ज्या ज्या जागेवर खेळला, त्यांतल्या सर्वांत महाग जागेचा दर त्याला मिळावा, आणि स्लॉटमध्ये उभा राहणारा झेल घ्यायला पळत असेल तर तो रिसिव्हर, चार यार्डांची पट्टी लावू नये. केल्सी, किटल आणि ग्रेग ओल्सन यांनी 2021 मध्ये नॅशव्हिलला ‘टाइट एंड युनिव्हर्सिटी’ नावाचं उन्हाळी शिबिर सुरू केलं. लीगभरचे टाइट एंड तिथे दरवर्षी जमतात, एकमेकांना डावपेच शिकवतात. पुढच्या शिबिरात एक दुपार त्यांनी या कलमासाठी काढावी, आणि सुरुवातीला मॅकीच्या खटल्याचा निकाल वाचावा.